एक वाक्य खोडण्याचा हक्क

मयूर विहार, दिल्ली
८ डिसेंबर २०२५

चि. मृणाल हिस मुरलीधरकाकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

नोएडाला, मेट्रोने वीस मिनिटांवर राहणाऱ्या पुतणीला पत्र पाठवतोय म्हणून हसू नकोस. माझा फोन तुझी काकू माझ्याआधी वाचते.

तू आणि तुझी मैत्रीण अवनी नोकऱ्या सोडून इंटरनेटवर ‘पाचवं पान’ चालवता, ते मी न चुकता वाचतो. मोठ्या पेपरांना न दिसलेल्या साध्या माणसांच्या खऱ्या गोष्टी. इस्त्रीवाला झाला, मेट्रोच्या फरश्या पुसणारी बाई झाली. उत्तम! पण काखेत कळसा नि गावाला वळसा. घरातला काका नाही दिसला?

जानेवारी १९९९. आपल्या मराठी मंडळाची बस दरवर्षीप्रमाणे चौदा तारखेला पानिपतला, काला अंबच्या स्मारकाकडे निघालेली. सोनिपतच्या पुढे असं धुकं, की ड्रायव्हरला स्वतःचे वायपर दिसेनात. मागून ट्रक, आत चाळीस माणसं, पोरं रडताहेत. तेव्हा एक जण खाली उतरला आणि बॅटरी घेऊन बसच्या पुढे सात किलोमीटर चालला. तो कोण, हे मी माझ्या तोंडाने काय सांगू?

येत्या चौदा जानेवारीला मंडळ काला अंबलाच मला त्याबद्दल शाल देणार आहे. त्याआधी छापलंस तर बिल्कुल वेळेवर होईल. सोबत फोटो आहे, केस असतानाचा.

आशीर्वादांचा साठा भरपूर आहे, मागून घेत जा.
तुझा मुरलीधरकाका

नोएडा
१९ डिसेंबर २०२५

ती. काकांस मृणालचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून अवनी आणि मी दोघी खूश झालो. पण आमचे दोन नियम आहेत. गोष्ट त्या वेळी हजर असलेल्या दोघांकडून पडताळून घ्यायची. आणि ज्याची गोष्ट, त्याला छापण्याआधी मजकूर दाखवायचा. त्याला त्यातलं एक वाक्य खोडता येतं. एकच. भर घालता येत नाही.

बसचे ड्रायव्हर धरमवीरजी आम्हाला सोनिपतला सापडले. त्यांना सगळं आठवतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पुढे मॅडम चालत होत्या, ट्रकवाल्यांना ऐकू जावं म्हणून स्टीलच्या ताटावर डाव बडवत. अंतर अडीच किलोमीटर. साहेब मागच्या सीटवर कांबळं पांघरून झोपले होते, पानिपत आल्यावर त्यांना हलवून उठवावं लागलं.

मग भाऊसाहेबांना फोन केला. तुम्ही दोघं सोडलात तर त्या बसमधल्या मंडळींपैकी दिल्लीत आता तेच उरलेत. ते बराच वेळ खोकले आणि म्हणाले की धरमवीर खरं बोलतोय. ते आजवर गप्प बसले, कारण तुमच्या तोंडून ती गोष्ट फार रंगते.

तेव्हा काका, गोष्ट काकूची आहे. मजकूर मी कालच तिला पाठवलाय. तेरा तारखेला छापणार.

रागावलात तरी माया पातळ करू नका.
तुमची मृणाल

मयूर विहार, दिल्ली
२ जानेवारी २०२६

चि. मृणाल हिस आशीर्वाद, वि. वि.

मला त्या दिवशी ताप होता. निदान कणकण होती.

तुझा मजकूर काकूने फ्रिजवर चुंबकाने लावलाय. बाकी सगळं असू दे, पण ‘मुरलीधरराव त्या वेळी कांबळं पांघरून गाढ झोपले होते’ हे वाक्य! दूध काढायला जावं तर ते समोर. पंधरा दिवस मी सकाळचा चहा करतोय, मटार सोलतोय. तिने अजून पेन्सिल हातात घेतलेली नाही. चहा मात्र पिते.

खरं सांगू? दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणीतरी विचारलं की धुक्यात बस पोचवली कोणी. मी तोंड उघडलं आणि माझंच नाव बाहेर पडलं. घरी येऊन तिला सांगितलं तर ती हसली. त्या हसण्यावर मी सत्तावीस वर्षं काढली. शालीची मला हौस नाही असं लिहिणार होतो, पण तू पडताळशील. हौस आहे, फार आहे. अख्ख्या मंडळासमोर हसं होईल ग माझं. तू तिला एक शब्द टाक ना.

या म्हाताऱ्यावर लोभ असू दे, थोडी दयाही चालेल.
मुरलीधरकाका

मयूर विहार, दिल्ली
९ जानेवारी २०२६

चि. मृणाल हिस विनयाकाकूचे आशीर्वाद, वि. वि.

मजकूर सोबत परत पाठवते आहे, एक वाक्य खोडून.

तुझे काका तुला चोरून पत्रं लिहितात हे मला पहिल्यापासून माहीत आहे. पाकिटावर तिकीट चिकटवायला डिंक माझ्याकडेच मागतात. काल मटार सोलता सोलता थांबले आणि म्हणाले की शाल मी घेणार नाही, काला अंबला माइकवर मीच खरं काय ते सांगतो. सत्तावीस वर्षांत त्या गोष्टीत त्यांनी माझं नाव पहिल्यांदा घेतलं. मला भरून आलं. म्हटलं, खोडावं बिचाऱ्यांचं ते वाक्य. पेन्सिल घेतली, चष्मा लावला आणि नीट पहिल्यापासून वाचायला लागले.

तर शेवटी तू लिहिलंयस, ‘श्रेय मिळालं नाही, याबद्दल विनयाताईंनी कधीही तक्रार केली नाही.’

मृणाल, हे कोणाकडून पडताळलंस? दर चौदा जानेवारीला परतताना मी मुरथलच्या ढाब्यापर्यंत तक्रार करत येते. पराठे आले की थांबते, नंतर पुन्हा सुरू. ऐकायला शेजारच्या सीटवर माणूस होता, लिहून घ्यायला कोणी नव्हतं. तेव्हा तुझं ते वाक्य खोडलं. नियम एकाच वाक्याचा, त्यामुळे तुझे काका झोपलेलेच राहिले. त्याला माझा नाइलाज आहे.

रविवारी वही घेऊन ये. बाकीच्या तक्रारी सांगते.
तुझी विनयाकाकू