‘दुकान वाढवले’ म्हणजे बंद केले, याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
पळसनाका नगरपंचायत,
ता. खालापूर, जि. रायगड.

विषय : गाळा क्र. ७ मधील न झालेले बांधकाम पाडू नये, आणि तो गाळा महामारीच्या काळात बंद होता असे मानून भाडेमाफी मिळावी, याबाबत.

संदर्भ : १) आपली लघुव्यवसाय साहाय्य योजना. २) आमचा अर्ज नामंजूर केल्याचे पत्र. ३) वाढीव बांधकाम काढण्याची नोटीस. ४) आपल्या दालनातील सुनावणीचे इतिवृत्त.

महोदय,

१. मी गाळा क्र. ७ च्या धारक सौ. सुंदरा दशरथ ठोंबरे यांची मुलगी. आईला सही करता येते, पण अर्ज लिहिता येत नाही, म्हणून तिला वाचून दाखवून हा अर्ज मी लिहीत आहे. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे काही मापे आली आहेत आणि ती मी स्वतः घेतली आहेत, एवढ्यासाठीच सांगते.

२. सदर गाळ्यात आईचे काचेच्या बांगड्यांचे दुकान आहे. लोधिवलीपासून शिळफाट्यापर्यंतच्या गावांतल्या नवऱ्या मुली लग्नाचा चुडा भरायला तिच्याकडे येतात. मार्च २०२० मध्ये आपल्या कार्यालयाच्या आदेशाने मंडईतील गाळे बंद झाले. पुढे किराणा उघडला, औषधे उघडली, मोबाइल दुरुस्तीही उघडली. बांगडी अत्यावश्यक वस्तूंत मोडत नसल्याने आमचे शटर सर्वांत शेवटी वर गेले आणि दुसऱ्या लाटेत सर्वांत आधी खाली आले. लग्ने पंचवीस माणसांत होऊ लागली तेव्हा नवऱ्या मुलींनी घरात होत्या त्याच बांगड्या घातल्या. मधल्या पावसाळ्यात बंद गाळ्यातील फळी वाळवीने खाल्ली. काचेला वाळवी लागत नाही, पण काच फळीवर होती.

३. आपण जाहीर केलेली योजना चांगली होती, हे प्रथम नमूद करते. ज्यांचा धंदा बसला त्यांना गाळाभाडे माफ, आणि नवा माल भरण्यासाठी साहाय्य. त्यासाठी सर्वेक्षक श्री. धनेश हे मोबाइल घेऊन दुकानात आले. मी तेथेच होते, त्यामुळे झालेले बोलणे जसेच्या तसे देत आहे. त्यांनी विचारले, “काकी, दुकान कधीपासून बंद हाय?” आई म्हणाली, “बंद कशाला म्हणतोस रं सकाळच्या पारी? बंद होवो तुझा मोबाइल. मार्चात दुकान वाढवलं, त्ये वाढवलंच.” त्यांनी विचारले, “आन् माल?” आई म्हणाली, “फळी पडली नं बाबा. निम्मा माल वाढला.” श्री. धनेश यांनी हे सर्व टंकित केले, चहा घेतला आणि ते पुढच्या गाळ्यात गेले.

४. आपल्या कार्यालयाचे पत्र आले ते असे : “टाळेबंदीच्या काळात अर्जदाराने दुकान वाढविले असून मालाचा साठाही निम्म्याने वाढल्याचे अर्जदाराच्याच जबाबावरून दिसते. सबब नुकसान सिद्ध होत नाही.”

५. महोदय, ‘वाढणे’ या क्रियापदाचे अर्थ आपणांस सांगण्याची माझी पात्रता नाही. तरीही नोंद व्हावी म्हणून लिहिते. दिवा विझवला असे घरात म्हणत नाहीत, दिवा वाढवला म्हणतात. दुकान बंद केले असे दुकानदार म्हणत नाही, वाढवले म्हणतो. बांगडी फुटली असे बांगडीवाली तर मुळीच म्हणत नाही. ती वाढली म्हणते. ताट वाढले म्हटल्यावर ताटाचा व्यास वाढला असे कोणी समजत नाही. आपल्या कार्यालयातही जेवणाच्या सुट्टीत कोणी तसे समजत नसावे.

६. मी श्री. धनेश यांना भेटले. ते म्हणाले, “ताई, मला समजलं होतं गं. पण समोरचा बोलंल तेच टाकायचं, आपल्या मनचा शब्द घालायचा नाय, असं आमाला बजावलंय.” त्यांची चूक नाही. मी लिपिक श्री. मनोज यांना भेटले. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि सांगितले, “अहो, आमच्या घरी आई रोज देवाजवळचा दिवा वाढवते. मला काय कळत नाही? पण जबाबात दिवा नाही, दुकान आहे.” त्यांचीही चूक नाही. या प्रकरणात आजवर मला अर्थ न कळलेला एकही माणूस भेटलेला नाही. अर्थ कळलेला नाही तो फक्त कागदाला, आणि निर्णय कागदावर होतो.

७. जबाबात ‘दुकान वाढवले’ असल्यामुळे प्रकरण आपोआप बांधकाम विभागाकडे गेले. पाहणीसाठी निरीक्षक आले ते दिवेलागणीला. आई शटर ओढत होती. तिने आदराने सांगितले, “या साहेब, बसा. मी वाढवतच होते.” पाहणी अहवालात पुढील वाक्य आहे : “पाहणीच्या वेळीही वाढीचे काम सुरू असल्याचे गाळाधारकाने स्वतः सांगितले. शटर निम्मे खाली असल्याने आतील बांधकाम पाहता आले नाही.”

८. यानंतर मी पोलादी टेपने गाळा मोजला. करारनाम्यात रुंदी आठ फूट आहे. मला ती सात फूट अकरा इंच मिळाली. तीन वेळा मोजली, तेवढीच मिळाली. म्हणजे दुकान वाढलेले नसून इंचभर कमी झाले आहे. ओल आल्यावर भिंतीला दिलेल्या गिलाव्यामुळे असे झाले असावे. गाळ्याच्या उजवीकडे श्री. वाल्मिक यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे, डावीकडे नगरपंचायतीची पाण्याची टाकी, मागे नगरपंचायतीचे गटार आणि वर नगरपंचायतीचे वाचनालय. वाढ झालीच असती तर ती यांपैकी एकात झाली असती, आणि आपणांस आमच्याही आधी कळली असती. वाढ कोणत्या दिशेला झाली, हे अहवालात नमूद नाही.

९. नोटिशीत वाढीव बांधकाम स्वखर्चाने काढून तसे छायाचित्र सादर करण्यास सांगितले होते. मी गाळ्याचे छायाचित्र दिले. काढण्यापूर्वीचेही हवे, म्हणून ते परत आले. मी जुने छायाचित्र शोधले. भिसेगावच्या मावशीच्या लग्नाच्या वेळचे आहे, त्यात आई काउंटरमागे बसली आहे. दोन्ही जोडून दिली. त्यावर शेरा आला : “दोन्ही छायाचित्रांत फरक दिसत नाही. सबब बांधकाम अद्याप काढलेले नाही.”  

१०. सुनावणीत आपण स्वतः सौजन्याने वागलात, त्याबद्दल आभारी आहे. आपण आईला म्हणालात, “बाई, एवढंच म्हणा, दुकान बंद पडलं आणि माल फुटला. मी आत्ता लिहून घेतो, विषय संपला.” आईने हात जोडले. मग म्हणाली, “साहेब, तुमचं भलं होवो. पण मी याच तोंडानं नवरीला अष्टपुत्रा म्हणते.” मी तिच्या वतीने ते वाक्य म्हणण्याची परवानगी मागितली. जबाब गाळाधारकाचाच हवा, असे मला सांगण्यात आले. आपण आईला पुन्हा विचारलेत, आणि ती म्हणाली, “वाढवलं, साहेब.” इतिवृत्तात नोंद आहे : “गाळाधारक दुकान वाढविल्याच्या विधानावर ठाम राहिल्या.”

११. आई हट्टी आहे असे आपले मत झाले असेल, म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. दुसऱ्या लाटेत लोधिवलीच्या छायाताईंचे यजमान गेले. त्यांच्या लग्नाचा चुडा आईनेच भरला होता. दहाव्याला घरातले कोणी म्हणाले, हिच्या बांगड्या फोडा. छायाताई तशाच उठल्या आणि आमच्या दारात आल्या. आईने शटर अर्धे वर केले, त्यांना आत घेतले, हाताला साबण लावला आणि एकेक बांगडी अख्खी उतरवली. म्हणाली, “फोडायच्या नसतात गं. वाढवायच्या असतात.” त्या बांगड्या तिने दोऱ्यात ओवून गल्ल्याशेजारी ठेवल्या आहेत. छायाताईंच्या मनात आले तर पुन्हा भरायला. शब्दाने काच फुटत नाही, हे मी आईला शास्त्राच्या आधारे सांगून पाहिले. ती म्हणाली, “काच नाय गं फुटत.” 

१२. आपल्या कार्यालयाने अशा संकटात छोट्या दुकानदारांना कशी मदत करावी, याविषयी मंडईत बसून सुचले ते लिहिते. गाळे आपणच बंद करायला लावले होते. तो आदेश, त्यातील गाळ्यांचे क्रमांक व तारखा आपल्याच दप्तरात आहेत. मग दुकान बंद होते का, हे दुकानदाराला विचारण्याचे कारण राहत नाही. त्या काळाचे भाडे अर्जाविना माफ करता येते. सर्वेक्षकाला प्रश्न विचारायचाच असेल तर त्याने ‘शटर केव्हा खाली आले’ असे विचारावे. शटरला दुसरा अर्थ नाही. फुटलेला माल तोंडी न विचारता डोळ्यांनी पाहावा. आईने तो गोणीत भरून ठेवला आहे आणि गोणी उचलताना जो आवाज होतो तो वाढलेल्या साठ्याचा नाही. आणि आमच्या ओळीतल्या चांभार, शिंपी, घड्याळवाले यांच्यासाठी एखादा असा माणूस खिडकीवर बसवावा, जो ऐकलेल्याचा अर्थ लिहील आणि त्याखाली स्वतःची सही करील. श्री. धनेश व श्री. मनोज हे दोघेही त्या कामाला योग्य आहेत. त्यांना फक्त तशी परवानगी हवी.

१३. नोटिशीनुसार येत्या सोमवारी पथक येणार आहे. त्याच्या पुढच्या आठवड्यात अक्षय्य तृतीया आहे. दोन वर्षांनी प्रथमच मोठी लग्ने ठरली आहेत, आणि आईने उधारीवर हिरवा चुडा आणून ठेवला आहे. पथक वाढीव बांधकाम पाडायला येईल आणि ते त्याला सापडणार नाही. रिकाम्या हाताने परत जाणे पथकाला शक्य नसते, असे श्री. वाल्मिक सांगतात. अशा वेळी जे उभे असेल ते पाडले जाते. आमच्याकडे उभ्या आहेत त्या फक्त फळ्या, आणि त्या नव्या आहेत.

तरी विनंती की सोमवारची कारवाई थांबवावी. माफी नंतर दिली तरी चालेल. न दिली तरी आमची तक्रार राहणार नाही, पण गाळा राहावा.

१४. हा अर्ज मी काल आईला वाचून दाखवला. ऐकून ती म्हणाली, “एवढं कशाला लिवतेस गं? त्यांना म्हणावं माणसं पाठवू नका. मीच वाढवते दुकान.”

महोदय, हे वाक्य कृपया कोणत्याही नोंदीत घेऊ नये. पाहणी, सुनावणी आणि शेरे यांतून जाताना या शब्दाचा अर्थ मी अनेकांना समजावला. काल प्रथमच मला तो समजावून घ्यावा लागला. रोज सायंकाळी ती हे म्हणते तेव्हा सकाळी उघडणार असते. काल तिने हे भर दुपारी म्हटले.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून,
नम्र अर्जदार,

समिधा दशरथ ठोंबरे
(गाळाधारक सौ. सुंदरा दशरथ ठोंबरे यांच्याकरिता)

गाळाधारकाची सही : सुंदरा द. ठोंबरे

स्थळ : पळसनाका
दिनांक : २० एप्रिल २०२२

सोबत :
१) नामंजुरीचे पत्र, नोटीस व इतिवृत्त यांच्या प्रती.
२) गाळ्याचा मोजमापांसह आराखडा.
३) छायाचित्रे दोन. फरक नाही.
४) हिरवी काचेची बांगडी, एक, वाढलेली. कागदात गुंडाळली आहे. उघडताना हात सांभाळावा.