चिऊच्या टॉन्सिलवर मतदान

सिरसाळा, मंगळवार, दिवेलागणीला

डोकं फिरलंय नुसतं. डॉक्टर म्हणाले, चिऊचे टॉन्सिल आणि नाकामागचे अ‍ॅडेनॉइड काढा, झोपेत पोरीचा श्वास अडकतो. तर माझ्या थोरल्या दिरांनी हा विषय दूध सोसायटीच्या बैठकीत घेतला! आधी दुष्काळाचा टँकर कुठं उभा करायचा ते ठरलं, मग माझ्या लेकीचा गळा. हात वर करून!

"सगळ्यांचं एकमत झालंय, ऑपरेशन न्हाई करायचं," घरी येऊन सांगतात. ह्यांनीही हात वर केला. बाप असून! कावून? तर भाऊ चेअरमन हाय म्हणून.

श्वास अडकला की पोरीला कुशीवर कोण वळवतं? ते हात वर करणारे?

उद्या सकाळी चिऊला कडेवर घेऊन फाट्यावर उभी राहणार. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्याकडं जाणाऱ्या एसटीला हात मी करणार. तेवढा एक पुरे.