लक्झरी कुठे थांबते

विसरवाडी, ता. नवापूर
१८ फेब्रुवारी

चि. रंजितास,

मामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. मामीने तुझ्या आईकडे, शीलाताईकडे, उडदाची डाळ पाठवली आहे. फोनच केला असता, पण माझ्या गल्ल्याभोवती कान फार, त्यात माझेच सगळ्यात तिखट. म्हणून पत्र.

आधी मला त्या विद्यार्थी पत्रकार पुरस्काराचं सांग. परीक्षक कोण असतात गं? ते कधी लक्झरी बसने गेलेत का? लक्झरी गावातल्या स्टँडवर न थांबता हायवेच्या ठरलेल्या हॉटेलवरच का थांबते, ड्रायव्हर-क्लीनरला आतल्या खोलीत फुकट ताट कसं मिळतं आणि बाहेर प्रवाशाला चहा दुप्पट भावात का, हे तू लेखात नेमकं टिपलंस. 'एका हॉटेलमालकाने नाव न सांगण्याच्या अटीवर सांगितले', हे वाचून मामीने विचारलं, एवढा बोलका कोण? मी पान उलटलं.

आता अर्जासोबत नावानिशी बोलणारा एक तरी माणूस हवा, नाहीतर लेख बाद. शनिवारपर्यंत कोणी मिळेल का, असं तू विचारलंस. कोण तयार होतो, याची मलाही उत्सुकता होतीच. निघालो.

समोरच्या ढाब्याचा करणसिंग म्हणाला, ड्रायव्हर त्याचे पाहुणे असतात, पाहुण्यांकडून कोणी पैसे घेतं का? माझ्याच आतल्या खोलीत सुरतेच्या गाडीचा ड्रायव्हर भावेश पनीरची वाटी पुसत म्हणाला, "मी ते घरना डबाच खास, शेठ." घरचाच डबा खाणाऱ्या त्या माणसाला मी हसू आवरून आणखी एक पोळी वाढली.

मग स्टँडवर भजी तळणाऱ्या फुलवंताबाईकडे गेलो. आम्ही दोघांनी तिथे शेजारी-शेजारी हातगाड्या लावल्या होत्या. मी हायवेला आलो, ती तिथेच राहिली. ती नाव द्यायला लगेच तयार, पण तिच्याकडे लक्झरी थांबतच नाही, तिला आतल्या खोलीतलं काय ठाऊक? माझ्या हातात भजी देत ती म्हणाली, "भाऊ, ज्यानाकडे गाडी थांबस त्याले इचार ना."

भजी गरम होती, म्हणून बरं. फुंकर घालत हॉटेलवर परत आलो.

माझं नाव छापलं की भावेश गाडी करणसिंगकडे वळवणार, त्याच्यामागून बाकीचे. आमचा भूपेंद्र म्हणतो, "ताई बक्षीस घेई आनि आपन आठे माश्या मारसूत." पोरगं खोटं बोलत नाही. पण मीही दुकान मांडलेला माणूस आहे. आयत्या थांबणाऱ्या गाड्यांशिवाय माझ्या चहाला गिऱ्हाईक येतं का, हे मला अजून कळलेलं नाही. ते एकदा बघायचंच आहे.

तेव्हा त्या 'एका हॉटेलमालकाने'च्या जागी खालचं नाव जसंच्या तसं घाल. मोबाईल नंबरही दे. परीक्षकांचा फोन आला, तर गल्ल्यावर बसूनच घेईन. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

तुझा मामा,
भाईदास नथ्थू पाटील
मालक, हॉटेल भिकुबाई, सुरत हायवे, विसरवाडी