शेवटचं अक्षर एफ

४ नोव्हेंबर, मंगळवार
सौंसरहून प्रणालीचा फोन. पुढच्या महिन्यात आमचं लग्न. लोकायच्या लग्नपत्रिका डिझाइन कराचा तिचा कॉम्प्युटर लय हळू चालून राहिला. रविवारी दुकानातून सेकंडहँड प्रोसेसर घ्याचा आहे, तुम्हीच पाहून द्या, म्हणते. सोयरीक जुळवतानी माह्या मोठ्या भावानं, कुलदीपदादानं सांगतलं होतं, आमचा विनोद कॉम्प्युटरमधी एक नंबर. मी चूप बसलो होतो. चूप बसणं म्हणजे खोटं बोलणं नाही.
छातीत धडधड होऊन राहिली. भेव नाही. वांग्याची भाजी तिखट होती.

५ नोव्हेंबर
व्हिडिओ पाहिला. सोपं आहे. एकाच नावाच्या प्रोसेसरचे दोन प्रकार, एकात आतला कोर जुना, दुसऱ्यात नवा. वरच्या पत्र्यावर बारीक कोड. शेवटी ई असला तं जुना, एफ असला तं नवा. आपल्याले एफ पाहिजे.
उद्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर प्रॅक्टिस.

६ नोव्हेंबर
नत्थूजी साहेब जेवाले गेल्यावर कॉम्प्युटरचा डबा उघडला. पंखा ओढला, तं प्रोसेसर त्याले चिकटूनच बाहेर आला. खालचे टाचणीसारखे बारीक पाय वाकले. परत बसत नाही. साहेबानं विचारलं, काय झालं. म्हटलं, व्हायरस.
प्रॅक्टिस मात्र झाली.

७ नोव्हेंबर
तापाची सुट्टी. थर्मामीटर ताप दाखवत नाही. थर्मामीटर खराब असन.

९ नोव्हेंबर, रविवार. सौंसर
दुकानात प्रणालीचे बाबा, गुणवंताजी, माह्या बाजूलेच उभे. दुकानदारानं प्रोसेसर हातावर ठेवला. पंख्याखाली लावतात ती पेस्ट पुसली, तं कोडची अक्षरं नाचाले लागली. घाम डोळ्यात. मोठ्यानं म्हटलं, एफ आहे, घेऊन टाका.
प्रणालीनं मोबाईलचा उजेड पाडला. ई होता. तिनं दुसरा मागतला. गुणवंताजी माह्याकडे पाहतच राहिले.
बाहेर आल्यावर तिले ऑफिसचंही सांगून टाकलं. कायले सांगतलं, मालूम नाही. सोयरीक मोडते आता.

१० नोव्हेंबर
प्रणाली पांढुर्ण्याले, माह्या ऑफिसात आली. सुईनं प्रोसेसरचा एकेक वाकलेला पाय सरळ केला. कॉम्प्युटर सुरू. साहेबानं विचारलं, ह्या कोण? माह्या आधी तीच म्हणाली, "यांची होणारी बायको."
बसस्टँडवर सोडाले गेलो. ती म्हणाली, "मले कॉम्प्युटरवाला नवरा नाही पाहिजे. भेव वाटलं तं वाटलं म्हणणारा पाहिजे. वाटलं का?"
नाही, म्हटलं.
तिनं माहा हात धरला. लटलट कापून राहिला होता.
थंडी आहे, म्हटलं. भर दुपार होती.