धक्क्यावरचा सरवा

आबा, दौंडच्या तुमच्या मालधक्क्याची जुनी शेड पाडली. सांगायला आलेला म्हातारा हमाल मोठ्या कौतुकानं म्हणाला, "तुमच्या आबांसारखा इमानदार चौकीदार पुन्यांदा झाला न्हाई बघा." मी हो हो केलं, त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर दार लावून घेतलं. तुमच्या त्या इमानदारीचा मला अजून संताप येतो.

धक्का बांधला तेव्हापासूनची एक रीत होती. हमालांच्या आकड्यांनी पोती फाटायची, धान्य सांडायचं आणि वॅगन रिकामी झाली की झाडणाऱ्या बायका ते मातीसकट गोळा करून न्यायच्या. बारामतीच्या छोट्या गाडीतून उतरलेल्या गुळाचा चुरा असो की मुंबईहून आलेला गहू. कापणीनंतर शेतात पडलेला सरवा वेचतात, तसंच हे. आणि सरवा गरिबासाठी सोडावा, हे पवित्र शास्त्र उघडून तुम्हीच आम्हाला वाचून दाखवायचात! दुसऱ्या पाळीचा चौकीदार बायका निघाल्या की तंबाखू मळत पाठ फिरवायचा. तुम्हाला काय पाठ नव्हती?

त्या दुष्काळी वर्षी परदेशातली लाल ज्वारी यायची, मिलो. नवा मालबाबू आला आणि म्हणाला, सांडलेलं नेणं ही चोरीच, बायकांची झडती घ्या. मी शिरूरच्या मिशन बोर्डिंगातून सुट्टीला आलेली, चौदा वर्षांची. भर दुपारी तुम्हा दोघांची भाकरी घेऊन फाटकाशी उभी आहे. बायका रांगेत आहेत. सगळ्यांत पुढे आई, हातात खराटा.

"वटी सोड," तुम्ही म्हणता.

"घरी बोलू की. चारचौघांत नगं."

"हितं तू माजी कुणी न्हाईस. सोड."

आईनं ओटी सोडली. दोन ओंजळी मिलो, त्यात अर्धी माती. ते धान्य तुम्ही तिलाच झाडायला लावलात, तिच्याच खराट्यानं. मालबाबू "शाब्बास" म्हणाला. मागच्या बायकांनी कुणी न सांगता आपापल्या ओट्या मोकळ्या केल्या आणि आईकडे न बघता निघून गेल्या. रुळांत सांडलेलं कबुतरं टिपत होती, त्यांची झडती घ्यायला मात्र तुम्ही गेला नाहीत.

आईनं घरी येऊन चूल पेटवली, तुम्हाला वाढलं. "पोरीसाठी व्हतं," एवढंच बोलली. पुन्हा धक्क्याची पायरी चढली नाही. रविवारी चर्चमध्ये पाळकांनी उपदेशात तुमचं नाव घेतलं. तुम्ही मान ताठ करून बसलात आणि पलीकडे बायकांत आई पदर सारखा करत राहिली. 'चुकलं' हा एक शब्द, आबा. मरेपर्यंत तुमच्या तोंडातून निघाला नाही. ती वाट बघत होती, मला ठाऊक आहे.

हे लिहून तुमच्या कबरीवर ठेवून यायचं मनात होतं. आता ठेवणार नाही. शिरूरच्या शाळेत मास्तरीण झाल्यावर प्रामाणिकपणाचा धडा आला की मी मुलांना हीच गोष्ट सांगायचे, एका चौकीदारानं झाडूवालीची चोरी कशी पकडली ते. मुलं टाळ्या वाजवायची. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, ती झाडूवाली कोन व्हती?"

आई तेव्हा माझ्याकडेच राहायची, शाळेमागच्या खोलीत. वर्गाच्या खिडकीतून दिसत होती, गहू निवडत बसलेली.

"होती कुणीतरी," मी म्हणाले.