भार टाकून बघ

बाबा, आज सकाळी आईने तुमचं नाव काढलं आणि मी तिच्यावर ओरडले. तिचं मोतिबिंदूचं ऑपरेशन होतं, ठाण्याला नऊच्या आत पोहोचायचं होतं. ती चांगलीतली साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन, कोपरच्या आमच्या बिल्डिंगखाली वॉचमनच्या खुर्चीवर बसली होती आणि माझी गाडी काही केल्या उघडत नव्हती. गाडी विजेवरची आहे. तुम्ही असतात तर आधी नाक मुरडलं असतंत आणि मग मलाच बॉनेट उघडायला लावलं असतंत. मोबाइलवर चार्ज ब्याऐंशी टक्के दिसत होता. पण ती मोठी बॅटरी चाकं फिरवणारी. दारं उघडायला, स्क्रीन लावायला, त्या मोठीला जागं करायला अजूनही बारा व्होल्टची छोटी बॅटरी लागते, तुमच्या बॅटरीच्या दुकानात असायची तशीच. तीच उतरली होती.

आई शांतपणे म्हणाली, "तुझ्या बाबांनी भार टाकून बघितली असती." माझं टाळकंच सटकलं. "त्यांचं कौतुक मला सांगू नकोस," असं मी वॉचमनच्या देखत म्हटलं. मग रिक्षा केली. ऑपरेशन नीट झालं, दुपारी घरी आलो. आता ती आत डोळ्याला पट्टी लावून झोपली आहे आणि मी इथे तुमच्याशी भांडायला बसले आहे.

चूक माझीच होती, आणि तीही तुम्ही शिकवलेल्या धड्यातली, म्हणून जास्त चीड येते. दर रविवारी मी त्या छोट्या बॅटरीला मल्टिमीटर लावत होते. फक्त लावत होते ते भाजी घेऊन आल्या आल्या, गाडी बंद केल्या केल्या. आकडा छान यायचा, मी खूश. ताजा चार्ज खोटं बोलतो, हे मला दहावीच्या सुट्टीत कळलेलं. एमआयडीसीतला एक टेम्पोवाला बॅटरी घेऊन दुकानात आला होता. मी मीटर लावला आणि मोठ्या ऐटीत "ठीक आहे" म्हटलं. तुम्ही त्याच्यासमोर माझ्या हातातून मीटर काढून घेतलात, जाड तारेचा तो लोड टेस्टर बॅटरीच्या दोन टोकांना टेकवलात. तार लाल होते, काटा खाली घसरतो, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "बसल्या बसल्या सगळेच ठीक असतात. भार टाकून बघ." माझे कान तापलेले मला आजही आठवतात.

आणि तुम्ही स्वतः काय केलंत? एक बॅटरी उचलली की स्टुलावर टेकायचात. जिन्यात थांबून कुणाच्या तरी दारावरचं तोरण बघत असल्याचं नाटक करायचात. डॉक्टरांनी झोपवून काढलेला कार्डिओग्राम बरा आला, तो तेवढा घरभर दाखवलात. दुसरी चिठ्ठी, सरकत्या पट्ट्यावर चालवून छाती तपासायची, ती दुकानाच्या टेबलाच्या खणात घडी करून ठेवलीत. म्हणजे भार टाकून बघायचीच चिठ्ठी होती ना ती, बाबा? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! गावभरच्या बॅटऱ्यांना एक न्याय आणि तुमच्या छातीला दुसरा. तुम्ही गेल्यावर पंधरा दिवसांनी दुकान आवरताना मी ती चिठ्ठी आईच्या हातात दिली. ती खाली बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. त्या दिवसापासून अकरा वर्षं मी एकच सांगत आले आहे, काकांना, मावशीला, ऑफिसमध्येसुद्धा, की बाबांनी आमच्यापासून लपवलं.

ते टेबल आता माझ्याकडे आहे, त्याच्यावरच लिहिते आहे. खण अजूनही अर्ध्यात अडकतो. लहानपणी एकदा मी त्यातून पेन घेतलं तेव्हा तुम्ही माझ्या बोटांवर खण लावलात आणि म्हणालात, "माझ्या खणाला हात लावायचा नाही." मी पुढे बरीच वर्षं लावला नाही.

मग एकदाच लावला. तुम्ही जायच्या दीड महिना आधी. ॲसिड मोजायची काचेची नळी सापडत नव्हती, तुम्ही समोर चहा आणायला गेला होतात. चिठ्ठी मी उघडली, वाचली, तारीख उलटून गेलेली पाहिली, आणि होती तशी घडी करून ठेवली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, आणि तुम्ही खणावरून ओरडाल म्हणून घाबरले. संध्याकाळी एवढंच विचारलं, बरं वाटतंय ना? तुम्ही खुर्चीत बसला होतात. "ठीक आहे," म्हणालात. मी तो आकडा खरा धरला.

हे आईला माहीत नाही. मघाशी ती उठली, एका डोळ्याने माझ्याकडे बघून विचारलं, काय लिहितेस एवढं? मी कागद खणात सरकवला आणि म्हटलं, काही नाही. सकाळच्या ओरडण्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, ते जाऊ दे, तू बरी आहेस ना?

मी खुर्चीत बसल्या बसल्याच म्हटलं, ठीक आहे.