कागदी पाटीचे शिल्लक दिवस

१६ ऑक्टोबर १९८०, गुरुवार. संध्याकाळी.
गाडी घेतली. पांढरी टोयोटा, नवी कोरी. अल-खोबरला आल्यापासून सहा महिने मधुमतीचं एकच पालुपद: नाशिकला मी चाळीस पोरांचा वर्ग सांभाळत होते, इथे तिसऱ्या मजल्यावरून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या मोजते. इथे बायकांनी गाडी चालवायची नाही, एकटीने टॅक्सीत बसायची पंचाईत, आणि मी बारा तास प्लँटवर. तिची बिनपगारी रजा ३० नोव्हेंबरला संपते. रजा वाढवायची की लेकीला, विद्याला, घेऊन कायमचं परत जायचं, ते दिवाळीत ठरवीन म्हणाली आहे. आता ठरवायला राहिलंच काय? गाडी आली.
शोरूमवाल्याने मागच्या काचेला नंबरची कागदी पाटी चिकटवून दिली. मुदत एकवीस दिवस. तेवढ्यात मुरूरमधून, म्हणजे इथल्या ट्रॅफिकच्या ऑफिसातून, पक्की पाटी आणायची. त्याला कफीलचं, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा आहे त्या अरब मालकाचं, पत्र लागतं. किरकोळ काम.
गाडी घरी आणण्यात एक दिवस खर्ची पडला. शिल्लक वीस.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार.
नियमाचा शांतपणे विचार केला. एकवीस दिवस दिलेत ते गाडी चालवायला. गाडी उभी असेल तर दिवस खर्च होईलच कसा? अर्न्ड लीव्हचं तत्त्व हेच. विद्युत मंडळात अठरा वर्षं काढली, एक रजा फुकट जाऊ दिली नाही. न घेतलेली रजा पुढे ओढली जाते. न वापरलेले दिवसही जाणार. इथले लोक घाईघाईने एकवीस दिवस रोज गाडी पळवतात आणि मग बोंबलत बसतात.
मधुमती म्हणाली, सुट्टी आहे, हाफमून बेला समुद्रावर जाऊ या. म्हटलं, पहिली फेरी मुहूर्तावर. उद्या दसरा आहे. बरं म्हणाली.

१८ ऑक्टोबर. दसरा.
यथासांग पूजा केली. झेंडू मिळाला नाही, प्लास्टिकची फुलं वाहिली. चाकांखाली लिंबं ठेवून गाडी दोन फूट पुढे घेतली. बिल्डिंगचं पार्किंग म्हणजे रस्ता नव्हे, त्यामुळे दिवस धरला नाही. शिल्लक वीस.
वर आलो तर मधुमती पैठणी नेसून तयार, विद्याच्या पायात बूट. विचारलं, कुठे? म्हणाली, मुहूर्तावरची फेरी. आता हिला काय सांगणार! उद्या बकरी ईद, सगळं गाव गाड्या घेऊन रस्त्यावर. ओरखडा उठला म्हणजे? शिवाय लग्नाच्या बायकोला कच्च्या पाटीच्या गाडीतून मिरवणं मला प्रशस्त वाटत नाही. पक्की पाटी लागली की रोज फिरू. विद्याने इंग्रजीत विचारलं, ही गाडी आहे की देव? सहा वर्षांची आहे. इंग्लिश मीडियमचा परिणाम.

२० ऑक्टोबर.
कफील हजला गेलाय. मुरूर ईदमुळे बंद. प्लँटलाही सुट्टी, पाच दिवस घरीच. दुसरा कुणी असता तर हबकला असता. मी गाडीवर चादर घातली. शिल्लक वीस.
मधुमती दुपारभर एक चादर शोधत होती.

२३ ऑक्टोबर.
ताजुद्दीन जेवायला आला होता. दापोलीकडचा, आमच्या प्लँटवर पाइप फिटर. त्याच्याकडे एक पिकअप आहे, तिचा एक दरवाजा दोरीने बांधलेला असतो. त्यातून तो आम्हाला भाजी आणून देतो. म्हणाला, साहेब, कागदी पाटी म्हणजे म्हावरं, ठेवून टिकत नाय, वहिनींना फिरवून आणा. मधुमतीने त्याला आग्रह करकरून वाढलं.
फिटर माणूस. नियमातलं त्याला काय कळणार.

२९ ऑक्टोबर.
कफील हजहून आला आणि लंडनला गेला. मंदूब म्हणून एक येमेनी गृहस्थ आहेत, कंपनीची सरकारी कामं तेच करतात. पत्राचं विचारलं तर म्हणाले, बुकरा. बुकरा म्हणजे उद्या. म्हणजे उद्या पत्र.

३० ऑक्टोबर.
बुकरा.

१ नोव्हेंबर.
बुकरा. माझं अरबी सुधारतंय.

३ नोव्हेंबर, सोमवार.
पाटीवरची तारीख हिजरी आहे. मधुमतीने ती एका कागदावर उतरवून ताजुद्दीनकडून आपली तारीख काढून घेतली. ५ नोव्हेंबर. परवा. मला कागद दाखवला. तिला बसवून नीट समजावलं, की ही तारीख रोज गाडी चालवणाऱ्यांसाठी आहे, आपले वीस दिवस जमेला आहेत. रोजनिशीतल्या नोंदीही दाखवल्या. तिने सगळ्या वाचल्या. (रोजनिशी यापुढे कुलपात.) मग म्हणाली, तुम्ही अठरा वर्षं साठवलेल्या रजेचं पुढे काय केलंत? म्हटलं, विषय वेगळा आहे. नोकरी सोडली तेव्हा ती रजा बुडाली, पण तत्त्व बुडत नाही.
शुक्रवारी लक्ष्मीपूजन. त्या दिवशी हाफमून बे. तिला वचन दिलं.

५ नोव्हेंबर.
संध्याकाळी सातला घरी आलो. मधुमती म्हणाली, आज शेवटचा दिवस, निदान समुद्रकाठच्या रस्त्यापर्यंत, कॉर्निशपर्यंत, एक चक्कर मारू, दहा मिनिटं. दमलो होतो. परवा जायचंच आहे, आज एक दिवस कशाला मोडायचा? ती आत गेली. विद्याचे बूट तिनेच काढले.
शिल्लक वीस.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन.
सकाळी १०.२० ला प्रस्थान. मधुमती पुढे, विद्या मागे, सोबत चकल्यांचा डबा.
१०.३१ ला पोलिसाने अडवलं.
माणूस सभ्य होता. मी रोजनिशी काढून हिशोब मांडला: आजचा धरून वापरलेले दोन, शिल्लक एकोणीस. त्याने पानं उलटली. दुसऱ्या पोलिसाला बोलावलं, त्यानेही उलटली. दोघांचं एकमत झालं. क्रेन आली आणि गाडी घेऊन गेली. खलास.
टॅक्सी मिळेपर्यंत तिघं कॉर्निशवरून चाललो. विद्याने चकल्या खाल्ल्या. समुद्र उजव्या हाताला दिसत होता, म्हणजे मूळ उद्देश साध्य झाला असंच म्हणायचं. मधुमती एक शब्दही बोलली नाही. चांगलं लक्षण आहे. बोलणारी बायको असती तर आज काय झालं असतं!

८ नोव्हेंबर. पाडवा.
मधुमतीने ओवाळलं. पाटाभोवती रांगोळीसुद्धा काढली होती. म्हटलं, माग काय हवी ती ओवाळणी. मी मनात बांगड्या धरून बसलो होतो.
म्हणाली, दोन तिकिटं. माझं आणि विद्याचं. रजा वाढवत नाही.
मी म्हटलं, पक्की पाटी बुकरा येतेय. ती हसली. सहा महिन्यांत अशी मोकळी हसली नव्हती. मग डोळ्यांना पदर लावला. निरांजनाचा धूर फार झाला होता.

१० नोव्हेंबर.
विचार करता हे बरंच झालं. हवापालट होईल. मार्चपर्यंत शाळा करील आणि येईल. एक्झिट री-एन्ट्री, म्हणजे जाऊन परत यायचा व्हिसा, घेतला की सहा महिन्यांत परत येता येतं. तेवढ्यात पक्की पाटी, सीट कव्हर, मागच्या काचेला पडदे, सगळं करून ठेवायचं. संकल्प: दर शुक्रवारी हाफमून बे. गुरुवारीही, ड्यूटी नसेल तर.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
मंदूब स्वतः घरी आले. कफीलचं पत्र आलं! गाडी सोडवायचे, पक्क्या पाटीचे आणि मधुमतीच्या व्हिसाचे, असे सगळे कागद एकाच गठ्ठ्यात. व्हिसाचे फॉर्म मधुमतीने आधीच मंदूबला विचारून भरले होते. मुलखाची व्यवस्थित बाई. एकोणीस सह्या केल्या. ती म्हणत होती, वाचून करा, वाचून करा. वाचलं की. चॅसिस नंबर तीनदा ताडून पाहिला. एक आकडा चुकला असता तर?

१८ नोव्हेंबर.
पक्की पाटी!! दोन स्क्रू पुढे, दोन मागे, माझ्या हाताने बसवले. मधुमतीला खाली बोलावलं. आली. पाहून म्हणाली, छान. आणि बॅगा भरायला वर गेली. जरा थांबली असती तर एक चक्कर मारली असती. पण पाटी पुसायला माझ्याकडे फडकं नव्हतं, ते आणायला गेलो आणि राहिलं.

२२ नोव्हेंबर.
ओव्हरटाइम.

२४ नोव्हेंबर.
ओव्हरटाइम. एअरपोर्टला मीच गाडीने सोडणार. एकदा गाडीत बसली की विचार बदलेल. मनात ठरवलंय, वाटेत काही बोलायचं नाही. गाडीच बोलेल.

२६ नोव्हेंबर, बुधवार.
सकाळी आठला निघालो. गाडी पाण्यासारखी चालली. खड्डा नाही, आवाज नाही. मी विचारलं, आहे की नाही छान? मधुमती म्हणाली, छान आहे हो. हाफमून बेचा बोर्ड दिसला तेव्हा म्हटलं, वेळ आहे, वळवू का? नको म्हणाली. विद्या मागे झोपली होती.
काउंटरवर पासपोर्ट दिले. शिक्का मी पाहून घेतला, सवय आहे. सहा महिन्यांची मुदत त्यावर कुठे दिसेना. तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, हा फायनल एक्झिट आहे, याच्यावर परत येता येत नाही. म्हटलं, चूक झाली, दुरुस्त करा. तो म्हणाला, नवऱ्याची सही असल्याशिवाय हा शिक्का बसत नाही.
मधुमतीकडे पाहिलं. ती म्हणाली, बारा तारखेच्या गठ्ठ्यात होता. वाचायला सांगत होते मी. तुम्ही चॅसिस नंबर बघत होतात.
म्हटलं, पोचल्यावर पत्र टाक. तिने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली, विद्याला उचललं आणि गेली. फार वेळ दिसत होती. वळून बघितलं नाही, कदाचित विद्या जड असेल.
बाहेर येऊन गाडीत बसून राहिलो. विमान वेळेवर सुटलं. थोड्या वेळाने एका पोलिसाने काचेवर टकटक केली. म्हणाला, यल्ला, यल्ला, इथे थांबायचं नाही. पाटीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.